हीटर लावूनही खोली गारच? आधी दुपारची खिडकी तपासा

तक्रार अशी: रात्री साडेदहाला हीटर लावला की पंधरा मिनिटांत खोली छान उबदार. बंद केला की अर्ध्या तासात पुन्हा होती तशी. पहाटे चारला नाकाचा शेंडा गार, पायाची बोटं गार, पांघरूण ओढाओढीवरून कुरबुर. आणि मग येतं जानेवारीचं वीजबिल, ते बघून घाम फुटतो. अख्ख्या हिवाळ्यात तेवढीच काय ती ऊब!

आमच्या घरी हे सलग तीन हिवाळे चाललं. नाशिकमधला चौथ्या म्हणजे शेवटच्या मजल्यावरचा फ्लॅट, दोन बेडरूम, माणसं चार: आम्ही दोघं, मुलगी आणि सासूबाई. पहिल्या वर्षी कांडीचा हीटर घेतला. दुसऱ्या वर्षी "हा लहान पडतो" म्हणून २००० वॅटचा ब्लोअर. तिसऱ्या वर्षी तेलाचा रेडिएटर घ्यायला निघालो होतो, तेव्हा सासूबाई म्हणाल्या, "अगं, आमच्या गावाकडच्या मातीच्या घरात इतकं गारठायचं नाही. तिथं कुठं होतं हिटर?"

त्यांचं माहेर निफाडकडचं. तिथे पारा ४-५ अंशांवर येणं ही दर हिवाळ्याची बातमी. पहाटे द्राक्षबागांत शेकोट्या पेटवतात, ठिबक सोडतात, कारण विहिरीचं पाणी त्या वेळी हवेपेक्षा कोमट असतं आणि मण्यांना तडे जाण्याची भीती असते. अशा ठिकाणची बाई माझ्या फ्लॅटला गार म्हणते म्हटल्यावर हीटरची खरेदी थांबवली आणि घर तपासायला घेतलं.

खोली तापते, पण टिकत का नाही

थोडा हिशेब करू, म्हणजे पुढचं सगळं पटेल. आमची बेडरूम १० बाय ११ फुटांची. एवढ्या खोलीतली नुसती हवा ५ अंशांनी तापवायला एका युनिटचा जेमतेम विसावा भाग वीज लागते. म्हणून तर हीटर लावला की लगेच बरं वाटतं. पण डोक्यावरचा ५ इंची स्लॅब? तो फक्त १ अंशाने तापवायचा तर पाऊण युनिट लागतं. भिंती आणि फरशी वेगळीच. म्हणजे आपण हवा तापवतो, आणि गार भिंती, गार स्लॅब ती ऊब गिळून टाकतात. हीटर बंद केला की खोलीवर राज्य पुन्हा भिंतींचंच.

तेव्हा खरा प्रश्न हीटर किती वॅटचा हा नाहीच. संध्याकाळी सहा वाजता तुमच्या भिंती किती गरम आहेत, हा आहे.

दोन-तीनशे रुपयांचा एक डिजिटल थर्मामीटर आणला. डिसेंबरातल्या एका दिवसाची माझ्या वहीतली नोंद: दुपारी दोनला बाहेर सावलीत २८ अंश, बेडरूममध्ये २२. पहाटे सहाला बाहेर ९, बेडरूममध्ये साडेसतरा.

दुपारचा आकडा पाहून मी थर्मामीटर खराब आहे असं समजून दुसऱ्या खोलीत नेऊन पाहिला. नाही, बरोबर होता. भर दुपारी बाहेर घरापेक्षा ६ अंश जास्त ऊब होती आणि आम्ही "थंडी आहे" म्हणून दिवसभर सगळं बंद करून बसलो होतो. आणि मी कामावरून आले की पहिलं काम काय करायचे, तर "कोंदट झालंय" म्हणून सगळ्या खिडक्या उघडायचे. संध्याकाळी सहा ते आठ. म्हणजे बरोबर ज्या वेळी बाहेरची हवा भराभर उतरत असते, त्या वेळी.

आपल्याकडची थंडी रात्रीची असते. नाशिक, जळगाव, नागपूर, पुणे, सगळीकडे हिवाळ्यात आकाश निरभ्र, त्यामुळे दुपारी स्वेटर काढावा लागतो आणि पहाटे दात वाजतात. (दिल्ली-पंजाबकडे धुक्यामुळे कित्येक दिवस दुपारीही सूर्य दिसत नाही, तिथल्या मंडळींना हा उपाय लागू नाही.) आपण फक्त वेळा उलट्या करायच्या.

सकाळी साडेदहा-अकराला, बाहेरची हवा घरातल्यापेक्षा गरम झाली की, खिडक्या उघडायच्या. पडदे पूर्ण बाजूला. संध्याकाळी पाचच्या आसपास सगळं बंद, आणि पडदेही लगेच ओढून घ्यायचे, "अजून उजेड आहे" म्हणून थांबायचं नाही. डासही त्याच सुमाराला येतात, त्यामुळे घरात कुणाला पटवावं लागत नाही.

दक्षिणेकडची खिडकी असेल तर तिला जपा. डिसेंबरात सूर्य दक्षिणेला कललेला असतो. नाशिकला भर मध्यान्हीही तो क्षितिजापासून साधारण ४६ अंशांवरच असतो, त्यामुळे ऊन थेट आत, पार पलंगापर्यंत येतं. ४ बाय ४ फुटांच्या खिडकीतून, छज्ज्याची सावली वजा करूनही, दिवसाकाठी दोनेक युनिटांइतकी ऊब फुकट मिळते. तिच्यासमोर कपाट, कुलर किंवा वाळत घातलेल्या चादरी असतील तर आधी त्या हलवा. आमच्याकडे उन्हाळ्यातला कुलर जानेवारीतही तिथेच ठाण मांडून होता.

दुपारी घराला कुलूप असेल तर निदान पडदे उघडे ठेवून जा. काच बंद असली तरी ऊन आत येतंच. उत्तरेकडच्या खोलीत ऊन येणार नाही, पण दुपारची गरम हवा तर येईल.

एवढ्या एका बदलाने आठवड्याभरात पहाटेचा आकडा साडेसतराचा वीसवर आला. हीटर न लावता.

उदबत्ती घेऊन घरभर फिरा

हे काम रात्री करायचं, पंखे बंद करून. पेटवलेली उदबत्ती खिडकीच्या चौकटीजवळ, दाराच्या फटीजवळ धरायची. धूर सरळ वर गेला तर ठीक; आडवा पळाला तर तिथून वारा येतोय. (पडद्यापासून लांब धरा. सांगायला नको, पण मी एक भोक पाडलंय.)

आमच्याकडे सापडलं ते असं. सरकत्या अ‍ॅल्युमिनियमच्या खिडक्यांत दोन पल्ले एकमेकांवर येतात तिथली उभी फट सगळ्यात वाईट. तिथे जी केसाळ पट्टी असते ती झिजून गेली होती. हार्डवेअरच्या दुकानात मीटरवर मिळते, खाचेत सरकवून बसते. खालच्या पन्हाळीत पावसाचं पाणी जायला भोकं असतात, ती कापडाच्या चिंध्यांनी हिवाळ्यापुरती बुजवली. मग एसीच्या नळीचं भोक. ते बसवणाऱ्याने नळीपेक्षा दुप्पट मोठं पाडलं होतं आणि वरून नुसती गोल प्लास्टिकची चकती लावून मोकळा झाला होता. त्यात प्लंबरकडे मिळणारी पांढरी लांबी (पुट्टी) भरली. आणि मुख्य दार: नव्या इमारतींत उंबरठा नावालाच असतो, दाराखाली बोटभर फट. जुन्या चादरीची सुरळी करून, शिवून, आत वाळू भरून एक लांबोडकी उशी केली. मुलीने तिला डोळे काढले आहेत, आता ती साप आहे.

काचेला पार्सलमधून येणारं फुग्यांचं प्लास्टिक लावून पाहा. काचेवर पाण्याचा फवारा मारायचा आणि फुग्यांची बाजू काचेकडे करून चिकटवायचं. गोंद लागत नाही, उजेड अडत नाही. फक्त उत्तरेकडच्या, एरवी न उघडणाऱ्या काचांना लावा. दक्षिणेची काच उघडीच राहू दे.

पडद्याबद्दल एकच. तो खिडकीपेक्षा मोठा हवा, दोन्ही बाजूंनी भिंतीला टेकणारा आणि चौकटीच्या चांगला खाली उतरणारा. नाहीतर काचेजवळ गार झालेली हवा पडद्याखालून घरंगळत पलंगावर येते. जाड पडदा विकत घ्यायलाच हवा असं नाही. पडद्याच्या मागे जुनी चादर त्याच नळीवर अडकवली तरी चालतं.

बुजवायचं नाही असंही एक ठिकाण आहे: बाथरूमची झडपं आणि स्वयंपाकघरातला हवेचा मार्ग. विशेषतः गॅस गिझर असेल तर त्या झडपांना हातही लावू नका. त्याबद्दल पुढे.

शेवटच्या मजल्यावर राहणाऱ्यांसाठी

वरचा स्लॅब रात्री उघड्या आकाशाला आपली उष्णता देत राहतो. त्यात आमच्या गच्चीवर एप्रिलमध्ये उन्हासाठी पांढरा रंग मारून घेतला होता. उन्हाळ्यात त्याने खरंच फरक पडला. पण तोच रंग डिसेंबरातलं ऊनही परत पाठवतो, त्यामुळे स्लॅब दिवसा तापतच नाही. रंग खरवडून काढायचा का? मुळीच नाही. नाशिकचा एप्रिल-मे सोसायचा असेल तर सहा आठवड्यांची थंडी परवडली.

उपाय साधा निघाला: झोपायची खोली बदलली. डिसेंबर मध्यापासून जानेवारी अखेरपर्यंत चौघंही हॉलमध्ये. आमचा हॉल दक्षिणेकडे आहे आणि त्याच्या निम्म्या भागावर पाण्याच्या टाकीची खोली येते, त्यामुळे तो भाग उघडा पडत नाही. झोपलेला माणूस साधारण ७० वॅटच्या दिव्याइतकी उष्णता देतो. चौघांचे मिळून जवळपास २८० वॅट, रात्रभर, बिल शून्य. घोरण्याचा त्रास धरला तरी सौदा फायद्याचा. फक्त आतल्या खोलीकडचं दार थोडं उघडं ठेवा. फटी बुजवलेल्या बंद खोलीत चार माणसं म्हणजे सकाळी डोकं जड.

पांघरूण वाढवण्याआधी अंथरूण बघा

हे सासूबाईंचं ज्ञान, माझं नाही. त्यांनी एके रात्री माझ्या अंगावरच्या तीन पांघरुणांतली गोधडी काढली आणि माझ्या खाली अंथरली. मला वाटलं, आता कुडकुडणार. झालं उलटंच.

जाड गादी असेल तर खालून फारशी थंडी लागत नाही. पण कापसाची जुनी, बसकी गादी, लोखंडी पलंग किंवा फरशीवरचं अंथरूण असेल तर अंगातली ऊब खालून निघून जाते, कारण आपल्या वजनाने कापूस दबतो आणि त्यातली हवा निघून जाते. ऊब धरून ठेवते ती हवाच. फरशीवर झोपत असाल तर आधी चटई, वर सतरंजी, वर गोधडी आणि मग गादी. लाकडी पाट आणि व्हिट्रिफाइड टाइल्स दोन्ही १८ अंशांवर असतील तरी पाय टाइलवरच जास्त गारठतो, कारण ती पायातली ऊब वेगाने ओढते. म्हणून घरात सपाता घालणं हा लाड नाही.

घोंगडी असेल तर ती सगळ्यात वर. अंगाला टोचते, म्हणून खाली सुती चादर किंवा गोधडी. धनगरांनी विणलेली खरी लोकरीची घोंगडी वाऱ्याला अडवते, आणि गोधडीतली हवा तिच्याखाली टिकते. घोंगडी खाली आणि मऊ ब्लँकेट वर असं उलटं केलं तर ती अंगाला टोचतेच.

आणि गरम पाण्याची रबरी पिशवी. हिच्याइतका स्वस्त हीटर बाजारात नाही. २ लिटर पाणी २० अंशांवरून ७० वर न्यायला एका युनिटचा साधारण आठवा-नववा भाग लागतो, आणि पिशवी अंथरुणात दोन-तीन तास सहज पुरते. २००० वॅटचा ब्लोअर तेवढी वीज साडेतीन मिनिटांत खातो. झोपायच्या अर्धा तास आधी पायथ्याशी ठेवायची. पाणी उकळतं नको, पिशवी दोन-तृतीयांशच भरायची, आतली हवा दाबून काढायची, वर फडकं गुंडाळायचं. तान्ह्या बाळाजवळ नको. मधुमेहामुळे पाय बधिर असलेल्यांनी तर ती झोपण्यापूर्वी काढूनच टाकावी; भाजलं तरी कळत नाही. सासूबाईंच्या बाबतीत आम्ही हे पाळतो.

कानटोपी घालून झोपायला मी तीन वर्षं लाजत होते. आता नाही. आणि पंख्याच्या आवाजाशिवाय ज्यांना झोप येत नाही (आमच्या घरात असे एक गृहस्थ आहेत, एक नंबरवर तरी हवाच), त्यांच्यासाठी मच्छरदाणी लावली. डासांसाठी पंखा लागेनासा झाला आणि मच्छरदाणीच्या आत थोडी ऊबही राहते. आवाजाची सवय मोडायला मात्र दहा दिवस लागले.

इतकं करूनही हीटर लागलाच तर

लागतो कधीकधी. घरात आजारी माणूस असेल, बाळ असेल, थंडीची लाट असेल.

दुकानदार काहीही सांगो, कांडीचा असो, ब्लोअर असो की तेलाचा, १००० वॅटचा हीटर तासाला १ युनिटच घेतो आणि तेवढीच उष्णता देतो. फरक देण्याच्या पद्धतीत आहे. कांडीचा समोर बसलेल्याला शेकतो; अभ्यासाला बसलेल्या मुलीच्या पायाशी ४०० वॅटची एक कांडी पुरते, अख्खी खोली तापवायची गरजच नाही. ब्लोअर लवकर हवा तापवतो, बाथरूममधून आलेल्या बाळाला कपडे घालण्यापुरता चांगला. तेलाचा हळू तापतो, बंद केल्यावरही थोडा वेळ ऊब देतो, आणि त्यात लाल कांडी नसल्याने लहान मुलांच्या घरात जास्त सुरक्षित. बिल मात्र तो काही कमी करत नाही. खरोखर कमी विजेत जास्त ऊब देतो तो गरम-थंड दोन्ही करणारा इन्व्हर्टर एसी, कारण तो उष्णता तयार करण्याऐवजी बाहेरच्या हवेतून ओढून आणतो. एका युनिटमागे तीनेक युनिटांची ऊब मिळू शकते. एसी घ्यायचाच असेल तर तसला घ्या. फक्त हिवाळ्यासाठी म्हणून मात्र नको.

"हीटर ऑक्सिजन जाळतो" हे विजेच्या हीटरबद्दल खरं नाही. त्यात काही जळत नाही. हवा तापली की कोरडी लागते, म्हणून घसा सुकतो आणि ओठ फुटतात.

२००० वॅटचा हीटर जवळपास ९ अँपिअर घेतो. तो मोठ्या, १६ अँपिअरच्या सॉकेटलाच लावायचा. मोबाइल चार्ज करायच्या एक्स्टेंशन बोर्डावर कधीच नाही. दहा मिनिटांनी पिनेला हात लावून पाहा. गरम लागली तर बंद करा आणि वायरमनला बोलवा. पडदा, गादी, वाळत घातलेले मोजे यांच्यापासून तीन फूट तरी लांब. आणि झोपताना बंद.

निखाऱ्यांबद्दल हात जोडून सांगते. घमेल्यात कोळसे घेऊन दार लावून झोपणं हा जिवाशी खेळ आहे. त्यातून निघणाऱ्या कार्बन मोनॉक्साइडला वास नाही, रंग नाही, झोपेत ठसकाही लागत नाही. माणूस झोपतो तो उठतच नाही. सासूबाईंच्या गावाकडे शेगडी चालायची, कारण कौलांतून आणि दाराच्या फळ्यांतून हवा वाहत होती. आपण आताच उदबत्ती घेऊन सगळ्या फटी बुजवल्या आहेत. गॅसची शेगडी पेटवून खोली तापवणं तितकंच वाईट, आणि बंद बाथरूममधला गॅस गिझरही त्याच जातीचा.

बिल तरीही जास्त येतंय?

मग हीटरवर आळ घेण्याआधी गिझर तपासा. रात्री दहाला आणि सकाळी नऊला मीटरचा आकडा लिहून ठेवा, तीन दिवस. आमच्याकडे हीटर न लावताही सकाळच्या वेळेत ५ युनिटं जात होती. गिझर पहाटे पाचला चालू व्हायचा आणि शेवटची आंघोळ साडेनऊला.

१८ लिटरची एक बादली १८ अंशांवरून ४२ वर न्यायला अर्धं युनिट. चौघांची २. बाकीचं सगळं तापवलेलं पाणी पुन्हा गार होऊ देण्यात, आणि शॉवरखाली उभं राहून गाणी म्हणण्यात. १५ लिटरच्या, २००० वॅटच्या गिझरला वीस मिनिटं पुरतात. त्याची तापमानाची चकती ५०-५५ अंशांवर ठेवली आणि आंघोळी एकापाठोपाठ एक उरकल्या. इमारतीला सोलर असेल तर आंघोळ संध्याकाळी करून बघा. पाणी तेव्हा सगळ्यात गरम असतं.

महावितरणच्या घरगुती दराचे टप्पे १००, ३०० आणि ५०० युनिटांवर बदलतात आणि वरच्या टप्प्यातलं प्रत्येक युनिट खालच्यापेक्षा बरंच महाग. आमचा नेहमीचा वापर महिन्याला १८० च्या आसपास. २००० वॅटचा ब्लोअर रोज चार तास म्हणजे ८ युनिटं, महिन्याची २४०. एकूण ४२०, म्हणजे पार तिसऱ्या टप्प्यात. बिल दुपटीहून वर का जात होतं ते तेव्हा कळलं.

आता ब्लोअर माळ्यावर आहे. गेल्या हिवाळ्यात तो दोनदा उतरवला, दोन्ही वेळा मुलीला ताप होता म्हणून.

एक काम न सुटलेलं आहे: बाथरूम. झडपं बंद करता येत नाहीत, त्यामुळे सकाळी सहाला तिथे पाऊल टाकणं म्हणजे शिक्षाच. सध्या पहिली अर्धी बादली गरम पाणी फरशीवर ओततो, पायांपुरतं बरं वाटतं.

महाशिवरात्रीला थंडी शिवशिव म्हणत जाते म्हणतात, तेव्हा चिंध्या, प्लास्टिक आणि कुठे चिकटपट्टी लावली असेल तर तीही त्याच सुमारास काढून टाका. मी एका वर्षी एप्रिलपर्यंत राहू दिली, तर उन्हाने तिचा गोंद चौकटीला असा बसला की खोबरेल तेल लावून, रात्रभर ठेवून, जुन्या एटीएम कार्डाने खरवडावा लागला.